वजन दिसते, वारा दिसत नाही

माझी सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. एसटीत डिझेलचा हिशेब मांडण्याची एक वेगळी रीत आहे. घरच्या गाडीबद्दल आपण लिटरला किती किलोमीटर असे विचारतो. आगारात मात्र दहा लिटरला किती किलोमीटर, असे विचारतात. एकाच मार्गावर एका चालकाची गाडी ४६ देते आणि दुसऱ्याची ४२. मधले चार किलोमीटर गेले कुठे, हे शोधणे हा आमच्या कामाचा भाग. इंजिन तपासायचे, ब्रेक घासतात का पाहायचे, टायरमधली हवा मोजायची, आणि शेवटी चालकाशेजारी बसून त्याचा पाय पाहायचा. बहुतेक वेळा उत्तर त्या पायातच सापडे.

निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. २०१६ सालच्या जून महिन्यात आम्ही दोघे अमेरिकेत डेन्व्हरजवळ मुलाकडे गेलो, तेव्हा तिथेही ती बरोबर आली. आज सांगणार आहे ती गोष्ट त्याच प्रवासातली. गोष्ट पेट्रोलची आहे. पण ऐकून झाल्यावर आपल्या रोजच्या गाडीकडेही आपण थोडे वेगळे पाहाल, असे मला वाटते.

आपल्याकडे पिकअप म्हटले की भाजीचे क्रेट भरून बाजार समितीकडे निघालेला छोटा टेम्पो डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतला पिकअप ट्रक हा घरातल्या माणसांचे वाहन असतो. पुढे पाच जणांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा आणि नाकात दणकट पेट्रोल इंजिन. त्याच्या मागच्या हुकाला अडकवायचे ते चाकांवरचे घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर, सगळे काही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की हजारो कुटुंबे असे घर मागे बांधून बाहेर पडतात. मुलाने ट्रक स्वतःचा आणि ट्रेलर भाड्याने, असा बेत केला. युटा राज्यातल्या ब्राइस कॅनियनला जायचे ठरले. आम्ही दोघे, मुलगा, सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू.

निघण्यापूर्वी मी विचारले, "अरे, ही गाडी देते किती?"

"हायवेला गॅलनला वीस मैल, बाबा."

अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरहून थोडा मोठा. त्यामुळे वीस मैल म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साडेआठ किलोमीटर. एवढ्या मोठ्या गाडीला ते चांगलेच म्हणायचे. पण हा आकडा मोकळ्या ट्रकचा. अमेरिकेत नवी गाडी विकताना तिच्या काचेवर सरकारी चाचणीचे आकडे चिकटवलेले असतात. त्या चाचणीत मागे ट्रेलर नसतो. मागे घर बांधल्यावर काय होईल, हे त्या कागदावर नसते. ज्याचे त्याने मोजून पाहायचे.

ट्रक साधारण २,४०० किलोचा आणि ट्रेलर सामानासकट ३,००० किलोचा. एकूण ५,४०० किलो. वजन दुपटीहून अधिक झाले, म्हणून पेट्रोलही दुपटीने लागणार, असा मुलाचा अंदाज. अंदाज जवळपास बरोबर ठरला; कारण मात्र चुकीचे होते. आणि कारण चुकीचे असले की उपायही चुकतो. सूनबाईंनी वजन कमी करायचे म्हणून कुकर, जाड चादरी आणि नातवाचे क्रिकेटचे सामान खाली काढून ठेवले. मी काही बोललो नाही. पण मनात हिशेब सुरू झाला होता.

गाडी चालवताना इंजिनाला तीन प्रकारच्या विरोधाशी झुंजावे लागते. पहिला टायरांचा. टायर रस्त्यावर थोडा दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्या दबण्या-फुगण्यात शक्ती जाते. वजन जितके जास्त तितका हा विरोध जास्त. दुसरा चढाचा. चढावर ते सगळे वजन उचलून वर न्यावे लागते. तिसरा हवेचा. त्याचा वजनाशी काही संबंध नाही. गाडीचे तोंड किती मोठे, तिचा आकार कसा आणि वेग किती, एवढ्यावर तो ठरतो. यातली मेख अशी की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो.

आपण मराठी माणसे ओढण्याची गोष्ट शिकतो ती उसाच्या ट्रॅक्टरकडे पाहून. दोन ट्रॉल्या गच्च भरल्या आहेत, पुढची चाके उचलली जातात की काय असे वाटते आहे, आणि ट्रॅक्टर कारखान्याकडे चालला आहे. तिथे सारा मामला वजनाचा. ताशी वीस किलोमीटरला हवा त्याला जाणवतही नाही. तोच आकार ताशी १०५ किलोमीटरने, म्हणजे सव्वापाच पट वेगाने ओढला, तर हवेचा विरोध सत्तावीस पटींवर जातो. उसाच्या ट्रॉलीवरून अमेरिकेतल्या ट्रेलरचा अंदाज बांधता येत नाही तो यामुळे.

आमच्या ट्रेलरचे तोंड आठ फूट रुंद आणि दहा फुटांहून उंच होते. भिंतीसारखे सरळ. ट्रकच्या टपाच्या वर तीन-चार फूट भिंत उघडी राहत होती. ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर ही जोडी चालवायची, तर लागणाऱ्या जोरापैकी सुमारे तीन चतुर्थांश जोर फक्त हवा बाजूला सारण्यात जातो. टायरांच्या वाट्याला उरतो एक चतुर्थांश. सूनबाईंचा कुकर आणि चादरी हिशेबात कुठेच बसत नव्हत्या. ट्रेलरच्या पाण्याच्या टाकीत चाळीस गॅलन पाणी भरले तर दीडशे किलो वाढतात. पण सपाटीवर त्याने पेट्रोलमध्ये शेकडा एकाचाही फरक पडत नाही. उलट वेग ६५ मैलांवरून ५५ वर आणला, तर इंजिनाला लावावा लागणारा जोर पाचव्या हिश्शाने कमी होतो. चादरी परत आत ठेवायला हरकत नव्हती.

याचा अर्थ वजन निरुपद्रवी, असे मात्र नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे. तिथून पश्चिमेला आंतरराज्य महामार्ग ७० ने निघाले की रॉकी पर्वत लागतो, आणि तासा-दीड तासात रस्ता आयझेनहॉवर बोगद्याशी ३,४०० मीटरवर पोहोचतो. १,८०० मीटरची चढण! खंबाटकी घाटाची सवय असलेल्या माणसाने नुसते बघत राहावे. साडेपाच टन वजन तेवढ्या उंचीवर न्यायचे, तर हवा आणि टायर यांचा खर्च सोडून, निव्वळ उंची चढण्यासाठी दहा-अकरा लिटर पेट्रोल लागते. तिथे वजनाचे राज्य. त्या चढावर इंजिन असे ओरडत होते की नातवाने कानांवर हात ठेवले.

बोगद्याच्या पलीकडे सात टक्क्यांच्या आसपासचा लांब उतार आहे. ब्रेक निकामी झालेले मालट्रक वळवून थांबवण्यासाठी तिथे बाजूला खडी भरलेल्या चढत्या वाटा करून ठेवल्या आहेत. आमच्याकडे काही चालकांना घाटात गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवण्याचा मोह होई. त्यावरून किती बोलणी दिली, याची गणती नाही. मुलालाही तेच सांगितले: गिअर खाली घे आणि इंजिनला धरू दे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की उतारावर पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलला टाकले तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागते. म्हणजे धोका पत्करून खर्चही वाढवायचा! मागे तीन टनांचे घर ढकलत असताना तर तो विचारही नको.

पहिला मुक्काम ग्रँड जंक्शनला झाला. तिथे टाकी काठोकाठ भरली, २६ गॅलनची. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर मैल जाऊन आम्ही युटामधल्या ग्रीन रिव्हर या लहान गावाशी आलो. काटा अर्ध्यावर आला होता. गावाबाहेर पाटी होती, पुढे ११० मैल कोणतीही सोय नाही.

या पाटीची थट्टा करू नये. ग्रीन रिव्हर ते सॅलिना हा टप्पा अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवरचा सोयींशिवायचा सर्वांत लांब टप्पा म्हणून ओळखला जातो. १७७ किलोमीटर ना पंप, ना हॉटेल, ना वस्ती. दोन्ही बाजूंना लाल-पिवळ्या खडकांचे उजाड डोंगर. मोबाइलचा भरवसा नाही. आणि जूनचे ऊन.

मुलगा म्हणाला, "बाबा, शंभर मैलांना अर्धी टाकी गेली. उरलेल्या अर्ध्या टाकीत शंभर जातील. काटा शून्यावर आला तरी ही गाडी वीस-तीस मैल जाते. हा ट्रेलर घेऊन गावात वळायचे, पंपावर जागा शोधायची, त्यात अर्धा तास जाईल."

हिशेब वरवर बरोबर होता. मी त्याला पंपावरचा झेंडा दाखवला. झेंडा ताठ उभा होता आणि आम्ही जिथून आलो त्या दिशेला फडफडत होता. याचा अर्थ वारा पश्चिमेकडून, नेमका समोरून. आणि पुढचा रस्ता १,२५० मीटरवरून २,१०० मीटरच्याही वर चढणारा.

समोरचा वारा काय करतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गाडीचा वेग ताशी ६५ मैल आणि समोरून वारा २० मैलांचा असेल, तर ट्रेलरच्या भिंतीवर हवा ८५ मैलांनी आदळते. वर्गाचा नियम लावला तर विरोध शेकडा सत्तरने वाढतो. वेगमापकाच्या काट्याला यातले काही कळत नाही, तो ६५ च दाखवतो. त्या दिवशी अर्ध्या टाकीवर आम्ही निघालो असतो, तर पाच माणसे, त्यातले एक लेकरू, मध्येच कुठेतरी उन्हात उभी राहिली असती.

"अरे, अर्धा तास जाऊ दे," मी म्हणालो. एसटीत पस्तीस वर्षे काढलेला बाप बोलतो आहे म्हटल्यावर त्याने गाडी गावात वळवली. तेरा गॅलन बसले.

पुढे मी त्याला ५५ मैलांवर गाडी ठेवायला सांगितले. त्या रस्त्याची वेगमर्यादा याहून पुष्कळ जास्त. लोक भराभर मागे टाकून जात होते. मुलाला ते थोडे जड गेले. पण साधा हिशेब पाहा. ११० मैलांना ५५ च्या वेगाने दोन तास लागतात, ६५ च्या वेगाने एक तास बेचाळीस मिनिटे. फरक अठरा मिनिटांचा.

सॅलिनाला पोहोचून टाकी पुन्हा काठोकाठ भरली. साडेपंधरा गॅलन बसले. म्हणजे सावकाश जाऊनही गॅलनला सातच मैल, लिटरला तीन किलोमीटर! चाळीस-पन्नास माणसे घेऊन जाणारी आमची एसटी लिटरला चारच्या पुढे-मागे देते. तिथे डिझेल आणि इथे पेट्रोल हा फरक धरूनही, पाच माणसांना तीन किलोमीटर हा आकडा मला झोंबला. मुलगा मात्र दुसऱ्याच गोष्टीने गप्प झाला होता. अर्ध्या टाकीत तेरा गॅलन होते आणि लागले साडेपंधरा. पंपाशी उभा राहून तो म्हणाला, "बाबा, वीस मैल आधीच संपले असते." शून्यानंतर गाडी जाते ती वीस-तीस मैलांची पुंजीही त्या वाऱ्यात निम्म्यावर आली असती. आणि ज्या वेगाने तो जाणार होता, त्या वेगाने तर आम्ही त्याहूनही अलीकडे थांबलो असतो.

चार दिवसांनी त्याच रस्त्याने परतलो. तोच ट्रक, तोच ट्रेलर, तेच वजन, तोच वेग. वारा या वेळी पाठीशी, जरा मंद. सॅलिनाहून ग्रीन रिव्हर सुमारे ३०० मीटर खाली आहे, त्याचाही थोडा फायदा मिळाला. दहा गॅलन लागले. गॅलनला अकरा मैल. जाताना सात आणि येताना अकरा. वजनात किलोचाही फरक नसताना!

वाऱ्याचे हे गणित नवे नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७४ मध्ये साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची कमाल वेगमर्यादा आणली होती, ती पेट्रोल वाचवण्यासाठीच. १९९५ मध्ये ती संपूर्ण उठली. पण कॅलिफोर्नियात मागे ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला आजही ५५ चीच मर्यादा आहे. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, काही कारागिरांनी ट्रेलरच्या आकारावर विचार केला होता. हॉली बोलस हे त्यांपैकी एक. १९२७ मध्ये लिंडबर्गने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्या विमानाच्या बांधणीवर बोलस यांची देखरेख होती. त्यांनी १९३४ मध्ये विमानासारखा अॅल्युमिनियमचा, गोलसर ट्रेलर काढला. १९३६ मध्ये त्याच वळणावर एअरस्ट्रीम कंपनीचा क्लिपर आला. चकाकत्या चंदेरी कोशासारखे हे ट्रेलर आजही रस्त्यावर दिसतात. त्यांचे तोंड गोल आहे, तसाच मागचा भागही निमुळता आहे, आणि तो महत्त्वाचा. चौकोनी पेटीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे खेचत राहते. पेटी स्वस्त पडते आणि आत जागा जास्त मिळते, म्हणून लोक पेटी घेतात. त्या जागेचे भाडे पुढे पंपावर भरावे लागते.

आता थोडे व्यवहाराचे. कुणाच्या मुलाबाळांचा तिकडे असा बेत असेल, तर त्यांना चार गोष्टी जरूर सांगा. सरासरी मोजायची ती गाडीच्या पडद्यावर पाहून नव्हे, काठोकाठ ते काठोकाठ भरून मोजायची. पडदा अनेकदा खुशामत करतो. ट्रेलर मागे असताना मोकळ्या गाडीच्या निम्मे मिळेल असे धरून चालावे, आणि समोरचा वारा किंवा मोठा चढ असेल तर तिसरा हिस्सा. टाकी अर्धी झाली की पुढचा पंप शोधावा. ट्रेलरचे टायर सकाळी थंड असताना तपासावेत. हवा कमी असेल तर पेट्रोल जाते, आणि टायर तापून फुटतोही. त्या टायरांवर 'एसटी' अशी अक्षरे पाहून मला गंमत वाटली होती. तिकडे त्याचा अर्थ स्पेशल ट्रेलर. पूर्वापार हे टायर ताशी ६५ मैलांच्या हिशेबाने बनत आले आहेत. अलीकडे जास्त वेगाचेही मिळतात. आपल्यावर कोणते आहेत, ते वाचून घ्यावे.

आणि वजनाचे खरे महत्त्व कुठे, तेही सांगा. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे ट्रकच्या हुकावर यायला हवा. आमच्या ट्रेलरला तो तीनशे ते साडेचारशे किलो. सामान मागे रचले आणि हा भार कमी झाला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो, आणि मग ट्रक सावरणे चालकाच्या हातात राहत नाही. वजन कमी करण्याची धडपड करण्यापेक्षा आहे ते वजन जागच्या जागी ठेवणे मोलाचे. वेग कमी ठेवला की हे हलणेही कमी होते. म्हणजे पेट्रोल वाचवणारा पाय जीवही वाचवतो.

आता तिकडे विजेवर चालणारे पिकअप आले आहेत. मागे मोठा ट्रेलर जोडला की त्यांचाही पल्ला साधारण निम्म्यावर येतो. इंधन बदलले, हवा तीच आहे.

आपल्याकडे अशी चाकांवरची घरे फारशी नाहीत. पण द्रुतगती मार्गावर टपावर सामानाचे कॅरिअर बांधून ताशी शंभरने जाणाऱ्या गाड्या आहेत. रिकामे कॅरिअर वर्षभर टपावर मिरवणारेही आहेत. गाडी कमी का देते म्हणून ते मेकॅनिककडे जातात. मेकॅनिकही बिचारा प्लग बदलून देतो. त्यांनी आधी कॅरिअर उतरवून पाहावे, आणि एक आठवडा वेग दहा किलोमीटरने कमी ठेवून पाहावे.

मुलाचा परवा फोन आला होता. या वर्षीही ट्रेलर घेऊन निघणार आहेत. नातू आता मोठा झाला आहे आणि टाकीचा हिशेब वहीत तोच लिहितो. मी विचारले, "वेग किती ठेवणार?" मुलगा हसला आणि म्हणाला, "बाबा, निघताना आधी झेंडा बघणार."

(रेडिओवरील भाषण, संपादित)